मागे लागलेले शब्द

सोहारला, टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर
आमचा वर्ग भरतो. रविवार, मंगळवार, इशाच्या नमाजानंतर.
सात माणसं. सर्वांत थोराड मी,
सर्वांत लहान आमच्या बाई, मिस अझ्झा,
फळ्यावर मार्कर करकरला की स्वतःच दचकतात.

आज त्यांनी लिहिलं: हँड इन.
म्हणजे निबंध, वही, काय असेल ते जमा करणे.
मला वाटलं, हातमोज्यात हात.
दिवसभर उणे अठरात कोळंबीची खोकी मोजतो मी,
तिथे बॉलपेन उमटत नाही,
काखेत धरून ऊब दिली तर एखादी ओळ निघते.
म्हणून नवे शब्द डिलिव्हरी नोटच्या पाठीवर
पेन्सिलीने उतरवतो:
वाटाणे चाळीस, ब्राझीलची कोंबडी दोनशे दहा,
फॉल बिहाइंड.

कम, गो, पुट, टेक
एवढ्यावर बंदरात पंधरा वर्षं निघाली.
पण त्यांच्या मागे जे बारकं काही लागतं,
अप, आउट, थ्रू,
तिथे माझं गाडं अडतं.
वजनकाट्यावरचा इद्रिस म्हणाला, ट्रेलरसारखं आहे.
इंजिन तेच,
मागे काय जोडलंय त्यावर माल ठरतो.
बाईंनी ते लिहून घेतलं.

मग स्क्रेप थ्रू. कसंबसं पास होणे.
हे मला कुणी समजावायला नको.
खेडच्या शाळेत गणितात पस्तीस,
टोपाच्या बुडाशी उलथनं घालून काढलेले.
आई म्हणायची, खरवडच गोड लागते.

सेल थ्रू म्हणजे शिडात वारा भरून सहज पार.
माझे आजोबा दाभोळहून मस्कतला तसेच यायचे, खजुरासाठी.
त्यांना हा शब्द न शिकवता कळला असता.
मी उतरवला नाही. रोवेनाने उतरवला,
तिचं अक्षर सुरेख आहे.

शेवटी ड्रॉप आउट.
बाई म्हणाल्या, वाक्यात वापरा, स्वतःबद्दल.
बसून चालतं, तरी मी उभा राहिलो.
आय ड्रॉप्ड आउट.
व्हेरी गुड, मिस्टर परकार.

व्याकरण बरोबर होतं, हकिगत चुकली होती.
जणू मीच कॉलेजच्या गच्चीवर चढून
खाली उडी टाकली.
सरकारी कागदावर आम्हाला गळती म्हणतात,
नळाची असावी तशी. तेही जुळत नाही.
आमच्याकडे आहे ना एक, त्यालाही मागे शेपूट आहेच:
राहून गेलं.
शिकायचं राहून गेलं.
त्यात कर्ता कुठेच सापडत नाही.
बापाचा खोकला, मामाने धाडलेला व्हिसा,
दापोलीच्या कॉलेजात भरलेली सहा महिन्यांची फी,
कुणाकडेच बोट जात नाही.
एसटीत छत्री राहून जावी, तसं.
हे बाईंना सांगायला तोंड उघडलं,
आणि माझ्याकडे कम, गो, पुट, टेक
एवढंच होतं. बसलो.

जिन्यात अलमासचा फोन आला. फार्मसी, दुसरं वर्ष.
अब्बा, रागावू नका. माझे दोन विषय राहिले.

राहिले म्हण, मी म्हणालो,
राहून गेले म्हणू नकोस.
काय फरक पडतो?
ट्रेलरचा.
तिला वाटलं, मी कामावर आहे.
म्हणाली, गाडी जाऊ द्या, मग बोलू.

खाली टायरवाला शटर ओढत होता.
कॅच अप बाई मंगळवारी घेणार आहेत.
मी विचारलं, परत परीक्षा कधी?
नोव्हेंबरात.
माझीही, मी म्हणालो.
मग तिकडे कुकरची शिट्टी झाली,
आणि बराच वेळ आम्ही दोघंही
फोन ठेवायचं विसरलो.